टोपीतला खंडोबा

नातीच्या मोजणीच्या दिवशी मी तिच्या टोपीत देव्हाऱ्यातला खंडोबाचा भरीव चांदीचा टाक लपवला.

नात सातव्या महिन्यातच जन्मली. दवाखान्यातून माधवगंजच्या घरी आली तेव्हा माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढी. वजन वाढत होतं, पण डॉक्टरीणबाईंचं समाधान होईना. अशा बाळांचं नुसतं वजन वाढून भागत नाही म्हणे. अंगावर चढतंय ती चरबी की मांस, तेही पाहावं लागतं. त्यासाठी बाळाला उघडं करून, डोक्याला तेवढी टोपी घालून, एका बंद पारदर्शक पेटीत ठेवतात. आकाराच्या मानानं अंग जितकं जड, तितकी चरबी कमी, असा त्या पेटीचा हिशोब. आकडा बिघडला तर पुन्हा भरती. सूनबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी मात्र घरभर सांगत फिरत होतो, "देवावर सोडा!" स्वतःला काही सोडवेना, म्हणून देवालाच सोबत घेतलं.

पेटी उघडली. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "चर्बी तो बहुत कम आ रही है. भर्ती करना पड़ेगा."

सून मटकन खाली बसली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, अरे, हा तर चांदीचा प्रताप! पण सुनेसमोर कबूल करायची लाज वाटली. 'मल्हारी, आता तूच निस्तर,' एवढंच मनात म्हटलं. तोवर जप बराच केला होता. प्रार्थना म्हणावी अशी ती पहिलीच. तेवढ्यात पोरीला शिंक आली, मान हलली, टोपी सरकली आणि घोड्यासकट खंडोबा ट्रेमध्ये खणकन उतरले.

"दादाजी, ये कौन हैं?" सिस्टरनं विचारलं.

"कुलदैवत," मी पुटपुटलो.

"इनकी भी चर्बी नापनी थी क्या?"

पुन्हा मोजलं. चरबी हवी तेवढी, मांसही धरलेलं. सून रडता रडता हसायला लागली. टोपी आधीच सैल झाली होती, असं सिस्टर म्हणते. असेल. मला एवढंच कळलं की भार देवावर टाकायचा असतो. मी शहाण्यानं देवाचाच भार त्या एवढ्याशा जिवावर टाकला होता. तरी त्यानं रागावून न बसता आम्हाला सांभाळून घेतलं.

टाक कपाळाला लावून खिशात ठेवणार, तोच सुनेनं हात पुढे केला.

"द्या इकडे. पुढच्या वेळी खंडोबांना मी घेऊन येईन, बाबा. तुम्ही देव्हाऱ्यात बसा."