नदीकाठच्या पाट्या

माझे यजमान पाट्या रंगवायचे. कसबा पेठेपासून शनिवार पेठेपर्यंत नदीकाठाला पत्र्याच्या जेवढ्या पाट्या होत्या, त्यांतल्या निम्म्या तरी त्यांच्या हातच्या. मजकूर गिऱ्हाइकाचा, पण त्यातला तिखटपणा बहुतेक वेळा यांचाच. त्यांना काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. "गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले, "उरलेली किती दिवस टिकते ते बघू."

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही नदीकाठाने फिरायला जाऊ लागलो. 'दिसतंय का?' असं विचारलं की ते चिडायचे, म्हणून मी एक युक्ती काढली. प्रत्येक पाटीपाशी आले की मी थांबायचे, आणि ते आपणहून ती मोठ्याने वाचायचे. पाटी वाचून झाली की माझा जीव भांड्यात पडायचा.

पहिली पुलाच्या उताराला. "नदीत निर्माल्य टाकू नये. नदीचे पोट आधीच भरले आहे." खाली जलपर्णी इतकी माजलेली, की बगळे त्यावरून खुशाल चालायचे. पुढे बुरुडांच्या दारात नवी सुपं भिंतीला टेकवलेली. त्याच्या पलीकडे एका फाटकावर, "बेल एकदाच वाजवावी. आम्ही म्हातारे आहोत, बहिरे नाही." ही वाचून स्वतःच हसायचे आणि मग स्वतःचीच चूक काढायचे, "'ह' जरा आखूड झाला." मला त्यांच्या अक्षरात कधी खोट दिसली नाही.

एकदा घाटाच्या कठड्यावर दाणे खात बसलो होतो. मी म्हणाले, "अहो, ती म्हैस बघा, पाठीवर केवढे कावळे!" ते "हं" म्हणाले, पण बघत होते भलतीकडेच. हल्ली त्यांची चप्पल फुटपाथची कड चाचपायची, तेही मला दिसत होतं. पण पाट्या वाचताहेत ना, मग झालं, असं म्हणून मी ते सोडून द्यायचे.

शेवटची पाटी सायकलच्या दुकानाची. त्या संध्याकाळी कोपऱ्यावर आलो तर दुकानाचं शटर खाली, आणि पाटीच्या जागी मोबाइलचा फ्लेक्स, त्यावर एक मुलगी दात काढून हसतेय. मला फार वाईट वाटलं. त्यांना हे कसं सांगावं या विचारात मी थांबले.

मी थांबले, म्हणून त्यांनी वाचलं. "सायकल भाड्याने मिळेल. परत आणून दिल्यास आनंद होईल."

एक अक्षरही चुकलं नाही. ज्याने पाटी रंगवली त्याला ती पाठ असणारच, हे मला शहाणीला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं. नजर कधी गेली होती कोण जाणे. आणि मी रोज निश्चिंत मनाने घरी जाऊन कुकर लावत होते.

"'भा'चा काना वाकडा गेलाय बघ," फ्लेक्सकडे तोंड करून ते म्हणाले. "इतकी वर्षं सलतोय मला. दिसतोय ना तुला?"

"दिसतोय," मी म्हणाले.