मागच्या सीटवर कोण बसेल?

आमच्या मोटारीच्या गोष्टी मी मुद्दाम जमवल्या नाहीत, त्या आपोआप साठल्या. चालत्या मोटारीबद्दल कोणी बोलत नाही. ती बंद पडली की मात्र दवाखान्याच्या बाकावरचा प्रत्येकजण तिची एक गोष्ट सांगूनच उठतो! बाबा डॉक्टर आहेत आणि दवाखाना घरातच आहे, लोणावळ्याच्या बाजारामागे. मी आतल्या दाराआड अभ्यासाला बसते. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं.

मोटार एका बंगलेवाल्यांकडून घेतलेली, माझ्याहून वयाने मोठी. मावळातली पोरं तिचा आवाज लांबून ओळखतात. "डाक्टर आलं!"

*

उन्हाळ्यात खिंडीपलीकडच्या तिकोणा पेठ गावाहून बोलावणं आलं. एक बाळंतीण अडली होती. खिंडीच्या चढावर इंजिनाने धूर सोडला आणि मोटार थांबली ती थांबलीच. बाबा बॅग घेऊन पायी निघाले. पोचले तेव्हा मूल वाचलं होतं, आई गेली होती.

तिचा सासरा बाबांना म्हणाला, "तुमी चालत आलात डाक्टर, लय झालं."

बाबांनी हे घरी एकदाच सांगितलं. मग म्हणाले, "तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं."

*

इंजिन पुरतं उतरवून नव्याने बांधायला हवं होतं. भरवशाचा मिस्त्री कुठून आणायचा? चांगले होते ते लढाईच्या कामावर गेलेले.

शेजारचे जोशी मास्तर म्हणाले, "अहो, मोडीत काढा ही आणि दुसरी घ्या!"

"दुसरी कुठली? मोटारीसुद्धा पलटणीत भरती झाल्या, मास्तर!"

*

पहिले मिस्त्री पुण्याहून आले, इस्त्रीचा कोट घालून. बॉनेट न उघडताच त्यांनी काय काय बिघडलंय ते घडाघडा सांगितलं.

"मी नाडी तरी धरतो हो!" बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "काम झाल्यावर मागच्या सीटवर तुमच्या घरचं कोणी बसवाल? खिंड चढून जायला?"

"कोणालाही बसवतो साहेब! सासूबाईंना बसवतो!"

बाक खदखदून हसला. बाबा हसले नाहीत. "चहा घेऊन जा," एवढंच म्हणाले.

*

दुसरे बाजारातले भिकोबा. पंप, शिवणयंत्रं, कुलपं, सगळं दुरुस्त करणारे. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून, मोटार दुरुस्त करीन अशी शपथ घेतली. बाबांनी तोच प्रश्न विचारला.

"मालकीन, पोरं, समदी बसवतो की!"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ते दारात उभे. "डाक्टर, पोरं बसवतो म्हनालो खरं, पर झोप लागंना. मला न्हाई जमायचं. देहूरोडच्या मिल्ट्रीच्या डेपोत शंकर मिस्त्री हाये, त्याला बलवा. तोंडाचा वाईट हाये, पर काम चोख. आन् पंपाचं काय असंल तर मला सांगा."

त्याच दिवशी आमचा पंप भिकोबांकडे गेला. पंपाला काहीच झालं नव्हतं!

*

शंकर मिस्त्री सोमाटण्याचे. सुट्टी रविवारी, म्हणून रविवारच्या गाडीने येत. पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून त्यांनी विचारलं, "हिची ही दशा कुनी केली?"

"मीच," बाबा म्हणाले.

"मंग करतो. ड्रायव्हरचं नाव घेतलं असतं तर परत गेलो असतो."

बाबांनी तिकोण्याच्या बाळंतिणीचं सांगितलं आणि सीटचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आज काय सांगू? अजून उघडलंबी न्हाई."

बाबांनी त्यांना शेडची किल्ली दिली.

पिस्टन कुठे मिळेनात. मास्तर हळूच म्हणाले, "डेपोतून चार खिशात घालून आणा की!"

"आज तितनं आनीन मास्तर, उद्या तुमच्या घरातनं नेईन. चालंल?"

शेवटी एका बंद बंगल्यातल्या मोडक्या मोटारीचे मिळाले, मालकांना विचारून.

*

खंडेनवमीला गावातल्या सगळ्या मोटारींची पूजा झाली. आमची शेडमध्ये, अर्धी बांधलेली. तिलाच का वगळायचं म्हणून आईने गोणपाटावरच्या एकेका सुट्या भागाला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. इंजिनाची चार भोकं वर तोंड करून उघडी होती. त्या प्रत्येकात तिने भक्तिभावाने अक्षता टाकल्या!

रविवारी शंकर मिस्त्री आत डोकावले आणि त्यांनी चिमटीने एक दाणा वर काढला. "वैनी, हितं भात लावलाय व्हय?"

"भात नाही, अक्षता आहेत. तुम्ही केली होतीत का पूजा?" आई दारातून म्हणाली.

मिस्त्रींनी आधी बसवलेलं सगळं पुन्हा उतरवलं आणि घासलेटने धूत राहिले.

"आता तर एकही दाणा दिसत नाही," बाबा म्हणाले.

"दिसत न्हाई म्हनूनच भ्या वाटतं, डाक्टर."

सगळं धुतलं, पण बाहेरचं कुंकू मात्र पुसलं नाही.

*

इंजिन सुरू झालं तेव्हा आईने शिरा केला. पण नवे भाग रुळेपर्यंत मोटार हळू चालवायची, असा मिस्त्रींचा हुकूम. बाबा गावातच फेऱ्या मारू लागले. एकदा जोशी मास्तर मोटारीशेजारून चालत गप्पा मारत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टर, मला जरा घाई आहे, मी पुढे होतो!"

आई म्हणाली, "मंडईपर्यंत आम्हा दोघींना न्या की."

"अजून नाही," बाबा म्हणाले.

दर रविवारी शंकर मिस्त्री कान लावून इंजिन ऐकत. बाबा नुसते मागच्या सीटकडे बघत. मिस्त्री मान हलवत, "आज न्हाई."

*

मग एका रविवारी मिस्त्री एकटे आले नाहीत. बरोबर त्यांची म्हातारी आई होती, धुतलेलं लुगडं नेसून, हातात कापडाचं गाठोडं. मिस्त्रींनी मोटारीचं मागचं दार उघडलं.

"आय, हितं बस."

आजी चाचपडत बसल्या. गाठोडं मांडीवर घेतलं.

बाबांनी वाकून विचारलं, "कुठं जायचं आजी?"

"खिंडीच्या पल्याड, तिकोन्याला. त्या लेकराला अंगडं-टोपडं शिवलंय, ह्यो म्हनला म्हनून."

मिस्त्री फडक्याने हात पुसत होते, हात स्वच्छच होते.

मग बाबांनी दाराकडे वळून मला हाक मारली. "वही ठेव आणि ये. आजींच्या शेजारी बस."