कैरीमावशींचा वर्ग

कैरीमावशी कुठेही गेल्या तरी दाराकडे तोंड करूनच बसायच्या. हॉटेलात बसायच्या ते एक वेळ ठीक, पण आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हाही त्या पूजेकडे पाठ करून दिवाणखान्याच्या दाराकडे बघत बसल्या. गुरुजींनी दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी मीच जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मावशी, जरा इकडे तोंड करून बसता का?" तर त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "देव माझ्या पाठीशी आहे ना, मग झालं तर! दाराकडे पाहायला कोणी नको का?" सगळी मंडळी हसली. माझी आई तर इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. बाबा गेल्यावर मी तिला साताऱ्याहून इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आणलं होतं आणि तिला हसवण्यासाठी काय काय करून पाहिलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच पूजेत ते काम दुसऱ्या कुणी तरी एका वाक्यात करून टाकलं, हे मला तिथल्या तिथे खुपलं.

मावशी मूळच्या नागपूरच्या. टेक्सासमध्ये नवऱ्याबरोबर त्यांनी अनेक वर्षं मोटेल चालवलं होतं. तिथे एकदा एका पोरानं काउंटरवर त्यांच्यावर पिस्तूल रोखलं. ही गोष्ट सांगताना दुसरी कुणी बाई थरथरली असती. मावशी म्हणायच्या, "असं वेडंवाकडं धरलं होतं त्यानं, की गोळी त्याच्याच पायात जाती. मला वाटलं, हे नीट शिकायला पाहिजे." त्या शिकल्या आणि पुढे शिकवायलाही लागल्या. नवरा वारल्यावर मुलाजवळ म्हणून न्यू जर्सीत, आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये आल्या. मुलगा कामासाठी सदा फिरतीवर. मावशी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून वर्ग घ्यायच्या. अंगावर झाकून पिस्तूल बाळगायचा, म्हणजे 'कन्सील्ड कॅरी'चा परवाना काही राज्यं बाहेरच्या राज्यातल्या माणसालाही देतात, पण त्यासाठी आधी प्रशिक्षण लागतं. ते मावशी ऑनलाइन द्यायच्या. मोटेलवाले, ट्रकवाले, दारूच्या दुकानांचे मालक आणि उगाच हौस म्हणून आलेली सॉफ्टवेअरमधली मुलं, असे त्यांचे विद्यार्थी. स्वतःकडे मात्र पिस्तूल नव्हतं. ते त्यांनी टेक्सासमध्येच विकलं होतं. कॅमेऱ्यासमोर दाखवायला निळ्या प्लॅस्टिकचं एक खोटं होतं, तेवढंच.

त्यांना 'कैरीमावशी' हे नाव पडलं ते आईमुळे. आमच्या वसाहतीतल्या तळ्याभोवती फिरताना दोघी पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा मावशींनी सांगितलं, "मी कन्सील्ड कॅरीचे क्लास घेते. परराज्याच्या परमिटचे." आईनं रात्री जेवताना आम्हाला बातमी दिली. "शेजारच्या बाई लपवून कैरी न्यायचं शिकवतात. परमिटसकट! मला आधी कळलं असतं तर माझ्या कैऱ्या वाचल्या असत्या." येताना आईनं साताऱ्याहून पिशवीभर कैऱ्या आणल्या होत्या आणि विमानतळावर अधिकाऱ्यानं तिच्या डोळ्यांदेखत त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या होत्या. त्याचं दुःख तिला बाबांच्या खालोखाल होतं. मी हसून हसून हा किस्सा इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगितला आणि नाव चिकटलं. विनोद माझ्या आईचा, पसरवला मी, आणि लाडकं नाव मिळालं त्यांना.

त्यानंतर आई त्यांच्या वर्गातच जाऊन बसायला लागली. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा खुर्चीत, मटार सोलत. मावशींची सुरुवात ठरलेली असायची. "ह्या कोर्सनं न्यू जर्सीत तुम्हाला काहीही करता येत नाही. ज्याला इथे कमरेला लावून फिरायचंय त्यानं आत्ताच लॉग ऑफ करावं." दुसरं वाक्य, "क्लास ऑनलाइन होतो, नेम ऑनलाइन लागत नाही. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन शिकायचं." त्यांच्यासोबत गाडीतून पेनसिल्व्हेनियात देवळात निघालं की दोन राज्यांच्या सीमेवरच्या डेलावेअर नदीच्या पुलावर त्या हात वर करून जाहीर करायच्या, "चला, कायदा बदलला!" आणि मग पलीकडे काय चालतं, काय चालत नाही, हे देऊळ येईपर्यंत सांगायच्या. आईला ते सगळं पाठ झालं. एकदा मिलिंद, माझा नवरा, रिमोट हातात घेऊन सोफ्यावर डुलक्या काढत होता तर आई त्याला म्हणाली, "जावईबापू, झोपायचं तर बोट बटणावरून काढा. कैरी म्हणते, नेम धरल्याशिवाय बोट चापावर ठेवायचं नाही." मी तिच्यासाठी मराठी वाहिन्या घेतल्या होत्या, ज्येष्ठांच्या गटात नाव घातलं होतं. ती जेवताना सांगायची ते 'कैरी म्हणते' एवढंच.

माझ्याकडे आईचे गुडघे दुखायचे. शेजारी ती उभ्यानं भाकऱ्या थापायची. एका शनिवारी मी तिला बोलवायला गेले, तर दोघी गॅसपाशी उभ्या, तव्यावर भाकरी टम्म फुगलेली आणि मावशी टाळ्या वाजवत होत्या. "ये मंजू, बस. ताईंनी काय भाकरी केली आहे पाहा!" मला माझ्याच आईच्या भाकरीचं आमंत्रण! मी भूक नाही म्हणून सांगितलं आणि घरी येऊन थंड पास्ता खाल्ला.

आता त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. वर्गात घेण्याआधी मावशी प्रत्येकाशी व्हिडिओवर एकट्याशी बोलायच्या. दुसरं कुणी खोलीत असेल तर त्याला बाहेर घालवायच्या आणि विचारायच्या, "तुला पाहिजे, की दुसऱ्या कोणाला पाहिजे म्हणून तुला पाहिजे?" जर्सी सिटीतल्या एका नवऱ्यानं बायकोचंही नाव घातलं होतं. मावशींनी त्याला बाहेर काढून तिला विचारलं, तर ती मुलगी रडायलाच लागली. मावशींनी तिला घेतलं नाही. नवरा फोनवर तावातावानं बोलला, तेव्हा आई तिथेच बसली होती. मावशी त्याला म्हणाल्या, "जिला नको आहे तिच्या हातात मी देणार नाही. तुला राग आला तर दुसरीकडे जा, पण तिला घेऊन जाऊ नको." आईनं ही हकीकत मला दोनदा सांगितली. मी दोन्ही वेळा फोनमध्ये बघत 'हं' म्हटलं.

त्याच सुमारास आईच्या ग्रीन कार्डाचं काम सुरू होतं. ती कायमची माझ्याजवळ राहावी म्हणून मी अर्ज केला होता. बोटांचे ठसे द्यायला बोलावलं, पण ठसे उमटेनात. इतकी वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. पुन्हा बोलावलं. मावशींना यातलं सगळं माहीत, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांचे परवान्यासाठी दिलेले ठसेही कितीदा परत यायचे. त्यांनी आईचं भांडी घासणं बंद केलं आणि रोज दुपारी तिच्या एकेका बोटाला क्रीम चोळायला सुरुवात केली. मी एकदा लवकर घरी आले, तर त्यांच्या खिडकीतून दिसलं. आई डोळे मिटून बसली होती, हात मावशींच्या हातात होता आणि दोघी काही बोलत नव्हत्या. क्रीमची बाटली मीही आणली असती. मला कुणी सांगितलंच नाही.

ठशांच्या दुसऱ्या अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मावशी संध्याकाळी आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंजू, ताईंना नको आहे ते कार्ड."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी विचारलं त्यांना. जसं सगळ्यांना विचारते तसं."

"माझी आई तुमची स्टुडंट नाही, मावशी," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "तिचं काय करायचं ते मी बघीन. तुम्ही तुमचे मोटेलवाले बघा."

आई आतल्या खोलीतून बाहेर आली. "तिला बोलू नकोस. मला साताऱ्याला जायचंय. तिथं माझं माझं घर आहे. मला इथं चांगलं वाटत नाही असं नाही गं, पण मला जायचंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आई अगदी साधेपणानं म्हणाली, "तू विचारलं असतंस तर मी 'राहते' म्हटलं असतं. तुझं मन मोडवलं नसतं मला. तिला काय, तिला खरं सांगता येतं."

माझ्यावरचं प्रेम म्हणून माझ्या वाट्याला खोटं येणार होतं, आणि शेजारणीला फुकटात खरं मिळालं. असल्या प्रेमाचं करायचं काय, हे मला आजही कळलेलं नाही. मावशी तेवढ्यात चपला घालून निघून गेल्या होत्या. त्या रात्री मिलिंद म्हणाला, "यार, चिडू नकोस, त्यांनी मदतच केली." मी दिवा मालवला आणि त्याच्याकडे पाठ करून झोपले.

आई साताऱ्याला परत गेली. विमानतळावर मावशीही आल्या, आईनंच त्यांना बोलावलं होतं. मागच्या सीटवर दोघी हात धरून बसल्या होत्या आणि मी ड्राइव्ह करत होते. त्यानंतर माझा फोन रविवारी असायचा आणि मावशींचा रोज सकाळी. दोन घरांमधली भिंत पातळ असल्यामुळे त्यांच्या स्पीकरवरून मला कधी साताऱ्यातल्या प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू यायची. मी कॉफी घेऊन वरच्या मजल्यावर जायची.

गेल्या वर्षी आई गेली, झोपेतच. मी साताऱ्याहून दिवस करून परत आले, तर मंडळातल्या बायका आधी मावशींकडे जाऊन मग माझ्याकडे येत होत्या. मावशी मोकळेपणानं हुंदके देऊन रडत होत्या. मला तसं रडता येत नव्हतं, आणि मला त्यांच्या रडण्याचाही हेवा वाटला.

या वसंतात मावशी टेक्सासला परत गेल्या. "मला तिकडेच बरं वाटते," म्हणाल्या. सामान बांधायला मी गेले होते. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मी इतके दिवस गिळलेलं विचारून टाकलं, "मावशी, आईशी रोज एवढं काय बोलायचात?"

 "बोलायचो कुठे गं? मी फोन लावायची आणि टेबलावर ठेवून द्यायची. इकडे माझी क्लासची तयारी, तिकडे त्या भाजी निवडायच्या. अर्धा-अर्धा तास कोणी काही बोलायचं नाही. मध्येच त्या म्हणायच्या, 'आहेस का गं?' मी म्हणायची, 'आहे.' बस."

मी वाट्या गुंडाळत राहिले. रविवारी आईला फोन करायच्या आधी माझे प्रश्न तयार असायचे. गोळ्या घेतल्यास का, बीपी किती आहे, बाई कामाला येते का, बँकेत जाऊन आलीस का. आई एकेकाचं नीट उत्तर द्यायची आणि मग आम्ही फोन ठेवायचो. 'आहेस का गं' असं तिनं मला कधीच विचारलं नाही.