जुळलं न्हाई

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. सासर सेलूजवळच्या एका खेड्यात, कापूस पिकवणाऱ्या घरी. दारात तांदळाचं माप ठेवलेलं होतं. मी उजव्या पायानं ते लवंडलं, तांदूळ उंबऱ्याच्या आत सांडले, आणि बायकांच्या घोळक्यातून एक बारीक आवाज आला, "आता डाव्या पायानं!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आवाज होता माझ्या धाकट्या नणंदेचा. सहा वर्षांची पोर, पायघोळ परकर, समोरचे दात पडलेले. "डाव्यानं पण कर ना, वैनी. जुळलं न्हाई."

"नव्या नवरीनं डावा पाय लावू न्हाई, माय," माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

पोरीनं भोकाड पसरलं. तांदूळ परत भरा, माप परत ठेवा, डाव्या पायानं लवंडा. इकडं मला पदराआड हसू फुटलं. दिवसभर उपाशी, डोक्यावर ऊन, माहेराहून निघताना रडून रडून डोळे सुजलेले, आणि आता हे! मी हसू दाबायला गेले तर खांदे गदगदा हलायला लागले. बायकांना वाटलं, आईची आठवण आली. दोघीतिघी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. तेवढ्यात मी लुगड्याच्या सोग्याखाली डाव्या पायाच्या अंगठ्यानं चार दाणे हळूच पुढं ढकलले. ते दिसलं फक्त तिला, कारण तीच तेवढी बुटकी होती. चुलीवरून उतरवलेलं दूध खाली बसावं तसं तिचं रडणं बसलं. माझ्या पदराखाली डोकावून ती बोळक्या तोंडानं हसली, आणि आमची जोडी जमली.

हे 'जुळवणं' काय ते मला चार दिवसांत कळलं. उजवं कोपर भिंतीला लागलं की डावंही लावायचं. उंबरा ओलांडताना मनासारखं झालं नाही तर मागं फिरून पुन्हा ओलांडायचा. कुणी हाक मारली तर त्यानं दुसऱ्यांदा मारल्याशिवाय ओ द्यायची नाही. हात धुतले, पण पाणी दोन्ही मनगटांवर सारखं आलं नाही, तर पुन्हा. चप्पल-जोड्यांच्या टाचा एका रेघेत. हे करताना तिचा चेहरा खेळणाऱ्या पोरीसारखा नसायचा. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट, वरच्या ओठावर घाम. जुळलं की सुस्कारा, आणि लगेच पुढचं काहीतरी बिघडलेलं.

घरानं ते गुमान मान्य करून टाकलं होतं. मामंजींपुढं गावातली मोठमोठी माणसं वहाणा काढून उभी राहत. पण ते जेवायला आत येताना एकदा उंबरा ओलांडत, लेकीकडं बघत, मागं जात, पुन्हा ओलांडत आणि मिशीवरून हात फिरवत पाटावर बसत. हसायची कुणाची छाती नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबायचे. आत्याबाई भाकरी वाढताना डावीकडून एक तुकडा, उजवीकडून एक तुकडा. आमचे हे तर बहिणीच्या एका गालाला चिमटा काढायचे आणि स्वतःच दुसऱ्या गालाला काढायचे, नाहीतर ती दिवसभर गाल पुढं करून मागं फिरायची.

उपायही झाले. दर्ग्यावरून ताईत आणून उजव्या दंडाला बांधला. तिनं डाव्यासाठी दुसरा मागितला. मुजावराला पुन्हा हात जोडावे लागले. देवीचा अंगारा दोन्ही भुवयांवर लागला. शेवटी सेलूच्या एका हकिमांकडं नेलं. त्यांनी उजव्या हाताची नाडी धरली, डोळे मिटले. पोरीनं डावा हात पुढं केला. हकीमसाहेबांनी तीही बघितली. मग तिनं पुन्हा उजवा दिला. "अरे बिटिया, नब्ज़ वही है!" ते म्हणाले, पण पुन्हा बघितली. डोक्यात खुष्की आहे, कोरडेपणा आहे म्हणाले आणि गुलकंद दिला. तो तिनं फार आनंदानं घेतला, दोन्ही गालांत निम्मा निम्मा.

मलाही हे सगळं गमतीचंच वाटत होतं. पण एक दिवस मी तिच्या वेण्या घालत होते. तिसऱ्यांदा सोडून घालायला लावल्यावर मी विचारलं, "एक वेणी जरा वर राहिली तर काय होतंय गं?"

तिनं परकराची दोन्ही टोकं मुठींत धरली. मग मान न वळवता म्हणाली, "आई मरती."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मला आतून वाटायलंय. जुळलं न्हाई तर आई मरती. मग मीच मारली असं होतंय."

माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. एवढीशी पोर सकाळपासून रात्रीपर्यंत आईला जिवंत ठेवायचं काम करत होती आणि आम्ही तिला गुलकंद चारत होतो. मी वेण्या चौथ्यांदा घातल्या. दुसरं काय करावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

ते सुचलं नाही, घडलं. त्या हिवाळ्यात परभणीला ह्यांच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. सगळं घर गाडीबैलानं सेलूच्या स्टेशनावर आलं. आम्हाला उतरवून आमचा म्हातारा गडी बैलगाडी घेऊन जिनाकडं गेला. तिथं, कापसातून सरकी काढायच्या त्या कारखान्याच्या आवारात, आमचा कापूस मापाला लागलेला होता. आगीनगाडी आली. पुरुष पुढच्या डब्यात, आम्ही जनाना डब्यात. चढताना मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि नणंदबाई डाव्या पायानं आत पडल्या.

मी आत सामान फळीवर लावत होते, तेवढ्यात ती माझ्या बगलेखालून सटकली आणि खाली उतरली. मी तिच्यामागं उडी मारली. तिनं उजवा पाय पायरीवर ठेवला. तोंड वाकडं केलं. काढला. परत ठेवला.

"चल गं बाई, चल!" मी म्हणाले.

"थांब ना, जुळायलंय!"

गार्डानं शिट्टी मारली, "अरे बैठो, अम्मा, गाड़ी छूटती!" आणि तिचा पाय हवेत असतानाच गाडी हलली. मी तिला कमरेला धरून मागं ओढली. समोरून डबे जायला लागले. एका खिडकीतून आत्याबाई दोन्ही हात बाहेर काढून ओरडत गेल्या. पुढच्या डब्यातून ह्यांनी मान काढली, पण तोंडात पान होतं. बोलता येईना, थुंकताही येईना, नुसते डोळे मोठे करून हात हलवत हलवत ते परभणीच्या दिशेनं लहान होत गेले.

फलाट रिकामा झाला. माझ्या डोक्यावर पदर नाही, हातात लाडवांचा डबा. नव्या सुनेनं असं उघड्या स्टेशनावर एकटं उभं राहणं म्हणजे त्या काळी काय होतं ते आता सांगून कळायचं नाही. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वैनी, गाडी गेली. जुळलंच न्हाई. आता आईला काय होईल?"

मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं ह्यांचं ते पान भरलेलं तोंड आलं. मला हसू आलं. भीतीनं हसू येतं तसलं. आवरेना. मी बाकावर बसले, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी.

"हसायलीस कामून?" ती रागावून म्हणाली.

मी गाल फुगवले, डोळे मोठे केले, दोन्ही हात हलवून दाखवले. तिनं जरा वेळ बघितलं. आणि मग बोळक्यातून एकदम फुस्स झालं. आम्ही दोघी इतक्या हसलो की हमाल दुरून विचारायला लागला, काय झालं म्हणून. त्यानंच सांगितलं, दुसरी गाडी सांजच्याला आहे.

तोवर करायचं काय? आम्ही जिनाकडं गेलो. आवारात कापसाच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आमच्या गड्यानं आम्हाला बघितलं आणि त्याच्या हातातली चिलीमच पडली. "अगं माय! तुमी हितं? आन् गाडीत कोन गेलं?" ह्यावर आम्ही पुन्हा फुटलो.

आमची कापसाची गाडी मापून झाली होती, कापूस ढिगावर टाकायचा होता. पांढराशुभ्र डोंगरच तो. पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी इकडंतिकडं बघितलं, आणि गडी "अवो, मालकीनबाई" म्हणेपर्यंत आम्ही दोघी त्यात कंबरेपर्यंत रुतलो होतो. चढायला जावं तो घसरावं. ती डोक्यावरून पालथी झाली, उठली तर एका वेणीला कापूस चिकटलेला, दुसरी काळीभोर. लगेच कपाळाला आठी. तिनं दुसऱ्या वेणीला कापूस लावला. तोवर पहिलीचा वाऱ्यानं उडाला. परत तिथं लावला. आता भुवईवर बसला, एकाच. तिनं दुसरी भुवई भरली. मग नाकाला गुदगुल्या होऊन सटकन शिंक आली आणि सगळाच उडाला.

"जुळंना!" ती ओरडली. पण ओरडता ओरडता हसत होती.

"बघू, मी लावते," म्हणून मी मुद्दाम तिच्या एकाच कानावर भला मोठा पुंजका ठेवला. ती माझ्यावर धावली. मी पळाले, पडले. कुणाला काय चिकटलंय त्याचा काही हिशेब राहिला नाही. शेवटी ती उताणी पडली, धापा टाकत, एका बाजूनं म्हातारी, एका बाजूनं पोर, आणि आभाळाकडं बघत म्हणाली, "जाऊ दे. ऱ्हाऊ दे तसंच."

हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मी काही बोलले नाही. बोलले तर ती परत सुरू करील असं मला भ्याव वाटलं.

सांजेच्या गाडीत गडी आमच्यासोबत आला. जसजशी परभणी जवळ आली तसतशी ती गप्प झाली, माझं बोट घट्ट धरून. स्टेशनावर कंदील घेऊन सगळे उभे. आत्याबाई सगळ्यांच्या पुढं.

"आई," ती डब्यातूनच ओरडली, "तुला काय झालं न्हाई?"

"मला काय व्हायचंय? रागानं फुटायची तेवढी ऱ्हायले! उतर खाली!"

ती उतरली. आईच्या भोवती फिरून तिनं तिला नीट बघितलं, लुगडं ओढून बघितलं. मग फलाटावर उड्याच मारायला लागली. "गाडी गेली! वेणी जुळली न्हाई! कापूस बी न्हाई! तरी आई हाय! तरी आई हाय!" ओळखीचे-अनोळखी सगळे थांबून बघत होते. आत्याबाईंना त्यातलं काही कळेना. रात्री मी त्यांना पोरीची ती भीती सांगितली. त्या खूप वेळ झोपलेल्या लेकीचे पाय चेपत बसल्या.

घरी आल्यावर आम्ही खेळ काढला. रोज एक गोष्ट मुद्दाम वाकडी ठेवायची आणि तशीच राहू द्यायची. एक वहाण उलटी. एकाच हातात बांगड्या. सुरुवातीला गायीची धार निघेपर्यंत, मग भाकऱ्या होईपर्यंत, मग दिवसभर. ती हातांवर बसून राहायची, रडकुंडीला यायची. मी समोर बसून गाल फुगवायचे. सगळ्यात अवघड गेलं मामंजींना. आत्याबाईंनी त्यांना बजावलं, आता उंबरा एकदाच. पहिल्या दिवशी ते आत आले, थांबले, त्यांचा पाय आपसूक मागं वळला. लेक त्यांच्याकडं बघतेय, ते लेकीकडं बघतायत, दोघांच्याही कपाळावर घाम. "बाबा, बसा," ती म्हणाली, "मी बी सोसायलेय." तेव्हा ते बसले, आणि त्या घरात मी पहिल्यांदा त्यांना खदखदून हसताना ऐकलं.

सगळं सरळ झालं असं नाही. पावसाळ्यात आत्याबाईंना हिवताप आला तेव्हा सारं दुप्पट होऊन परतलं. उंबऱ्यावर ती तासभर आतबाहेर करत होती. मी तिला आईच्या उशाशी नेऊन बसवलं, आणि दोघीही थरथरत होत्या तरी आत्याबाईंनी तिच्या एकाच गालाची पापी घेतली आणि दुसऱ्याची राहू दिली. ताप उतरला. खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडला. पुढं ती मोठी झाली, निजामाचं राज्य गेलं, ती स्वतःच्या संसाराला लागली, तरी थकली की कुलूप परत ओढून बघते. मग स्वतःच म्हणते, "चालायलंय काहीतरी डोक्यात," आणि चालू लागते.

पण मला आठवते ती हिवतापाच्या पुढल्या वर्षीची नागपंचमी. फुगडीचं तिला आधी फार अवघड जायचं. उजवीकडून फेरे घेतले की तेवढेच डावीकडून घेऊन ते 'सोडवावे' लागत, म्हणून तिच्याबरोबर कुणी पोरगी खेळायची नाही. त्या दिवशी मी तिचे हात धरले आणि आम्ही सुटलो. एकाच अंगाला. गरगर, गरगर. झाड, विहीर, बायका, गोठा, सगळ्याचा एक पट्टा झाला. थांबलो तर ती दोन पावलं गेली आणि धपकन बसली. मी वाट बघत होते, आता उलटं म्हणणार. ती उठली, झिंगत झिंगत आत्याबाईंपाशी गेली, आणि त्या "अगं माझं वय काय, अगं पडेन मी" म्हणत असताना त्यांनाच ओढून आणलं. मायलेकी फिरायला लागल्या. आत्याबाईंचा अंबाडा सुटला, नथ गालावर आली, आणि त्या ओरडत होत्या, "बास! बास गं!" आणि हात मात्र सोडत नव्हत्या.