मावशीची दहा बोटं

‘राहू द्या जी, मी आहो ना!’ म्हणत मावशी समोरच्याच्या हातातलं काम काढून घ्यायची. मग ते कुणाचं दळण असो, रेशनची रांग असो, की माझं संशोधन.

जुळ्यांच्या घरांतून बोटांचे ठसे गोळा करत मी तेव्हा भंडारा जिल्हाभर हिंडत होतो. आईबापांच्या बोटांवरची नक्षी मुलांत किती उतरते, हा माझा पीएचडीचा विषय. जुळ्यांचे ठसेसुद्धा हुबेहूब नसतात, हे मी तुमसरजवळच्या त्या गावात छाती फुगवून समजावलं होतं. मावशी साठीची, जुळ्या बहिणींतली एक. स्वतःचे ठसे देऊन म्हणाली, ‘बहीण धानाच्या रोवणीले गेली. कागद ठेवून जा, सांजेले मी घेतो तिचे.’ बांधावरचा चिखल तुडवायचा मला कंटाळा. शाई, कागद तिला देऊन मी सटकलो.

आठवड्याने कागद आणून पाहिले आणि नाचायचंच बाकी ठेवलं. दहाही बोटं हुबेहूब! उजव्या तर्जनीवर विळ्याचा आडवा वणसुद्धा दोघींना. दोघी धान कापतात, दोघींना लागलं असेल, असं मी माझ्या अगाध बुद्धीने ताडलं. मार्गदर्शक बाईंनी भिंग खाली ठेवलं. ‘विळाही वारशाने लागतो का हो?’

तणतणत पुन्हा त्या गावात गेलो. मावशी खाली बघत म्हणाली, ‘अकरा वर्सं झाले, तिचं-मायं बोलणं नाही. तिनं पोरीचं लग्न जमवलं, मले विचारलं नाही. मी तोंड बंद केलं. आता कोण्या तोंडानं जाऊ? अन् तुमचं काम बी अडून राह्यलं होतं, म्हून मायेच बोटं दोनदा टेकवले.’

बहीण तिथून तिसऱ्याच घरात राहायची. चेहरा तोच. मी चिडून सगळं सांगितलं. ती भडकेल असं वाटलं होतं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘मी शाळेत नाही गेली त मायी हजेरी बी तीच लावे.’ उठली, हात धुतले आणि माझ्या पुढे चालू लागली.

अंगणात येऊन तिने मावशीपुढे नुसते हात धरले. मावशीने मला शिवूही दिलं नाही. एकेक बोट स्वतः शाईत बुडवून कागदावर दाबलं. दहावं उमटलं तरी हात सोडला नाही.

‘झालं, मावशी,’ मी म्हणालो.

माझ्याकडे लक्षच नव्हतं तिचं. बहिणीकडे बघत ती म्हणाली, ‘तुये केस किती पांढरे झाले वं!’

तिचे स्वतःचेही तितकेच झाले होते.