साबणमामाची साक्ष

माझ्या मामाला कारखान्यात सगळे 'साबण' म्हणत. हे नाव कोर्टकचेरीच्या कितीतरी आधीचं, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर लोकांना वाटतं, निकालानंतर कोणी चिडून ठेवलं असेल. तसं नाही. चांगलं प्रेमानं ठेवलेलं होतं. पुढे तीच हाक शिवीसारखी ऐकू यायला लागली, तो भाग नंतर.

कारखाना काजळीचा. तेल जाळायचं, धूर करायचा आणि त्या धुराची भुकटी पोत्यांत भरायची. पोती टायर बनवणाऱ्यांकडे जात. टायर काळं का असतं हा प्रश्न तुम्हाआम्हाला कधी पडत नाही; मामा मात्र रस्त्यावरच्या ट्रककडे, आपल्याच घरातलं कोणी न बोलता निघून गेल्यासारखं बघायचा. तो पोती भरायच्या खात्यात होता. पाळी संपली की तिथल्या माणसाचे नुसते डोळे आणि दात शिल्लक राहत. काजळी मैद्याहून बारीक. कानात, नखांत, पापण्यांच्या मुळाशी, जिथे जिथे देवानं जागा ठेवली आहे तिथे तिथे जाऊन बसायची.

आता ही काजळी काढायची कशी, यावर मामा पुस्तक लिहू शकला असता. लिहिता येत नव्हतं ही आपली गोष्ट वेगळी. नवा माणूस कामाला लागला की पाळी संपल्यावर धावत न्हाणीत शिरायचा आणि फवारा सोडून त्याखाली उभा राहायचा. झालं! पाणी लागताच काजळी कातडीत मुरायची आणि गडी पुढचे कितीतरी दिवस ओल्या राखेच्या रंगाचा दिसायचा. मामा अशा माणसाला दंडाला धरून बाहेर ओढायचा.

"अरे, पाणी हा शत्रू! आधी तेल. कोरड्या अंगाला तेल चोळ, फडक्यानं पूस. मग साबण. मग नखांना ब्रश. पाणी सगळ्यात शेवटी."

"आणि पाठ, साबणभाऊ?"

"पाठीसाठी माणूस लागतो. जोडी शोध."

जोडीशिवाय खरंच चालत नसे. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, आणि काजळी न दिसणाऱ्या जागी सगळ्यात जास्त. म्हणून त्या न्हाणीत प्रत्येकाचा एक ठरलेला माणूस असायचा: मी तुझी पाठ घासतो, तू माझी घास. मामाची जोडी लंबूशी. लंबू त्याच खात्यात पोती शिवायचा. नावाप्रमाणे उंच, आणि गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे मामा घासायला लागला की तो भिंतीला दोन्ही हात टेकून वाकायचा, घोड्यासारखा. मामाच्या लग्नाआधीपासूनची ही जोडी. मामी म्हणायची, "माझा नंबर दुसरा. पाठ लंबूभाऊजींकडे, उरलेला माणूस माझ्याकडे."

हे सगळं उरकायला चांगला अर्धा तास लागे. मग मामा पांढरा शर्ट चढवायचा. पांढराच. काजळीच्या कारखान्यातून पांढऱ्या शर्टात बाहेर पडणारा तो एकटा, आणि याचा त्याला एवढा अभिमान की बसमधून उतरल्यावर घराकडे यायला तो मुद्दाम बाजाराचा लांबचा रस्ता धरायचा. शिंपी, न्हावी, औषधवाला, सगळ्यांना शर्ट दाखवून झाला की स्वारी घरी. मी त्यांच्याकडे राहूनच शिकलो, त्यामुळे ही मिरवणूक रोज पाहिलेली आहे.

तर भांडण या अर्ध्या तासाचं होतं.

कंपनी पगार द्यायची भोंग्यापर्यंतचा. भोंग्यानंतर घासण्यापुसण्यात जाणारा वेळ कोणाचा? कामगार म्हणत, कंपनीचा. काजळी आम्ही हौसेनं घरून आणत नाही. शिवाय फाटकावर कंपनीचाच बोर्ड होता: 'अंग स्वच्छ धुतल्याशिवाय कोणीही फाटकाबाहेर जाऊ नये.' कंपनीच्या बसमधल्या गाद्या खराब होतात आणि रस्त्यावरचे लोक तक्रार करतात म्हणून तो लावलेला. कंपनी म्हणे, तो आपला प्रेमाचा सल्ला होता; अंघोळ ही ज्याची त्याची खाजगी बाब. दावा कामगार न्यायालयात गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात बोर्ड नाहीसा झाला. तोवर युनियनच्या सेक्रेटरीनं त्याचा फोटो काढून ठेवला होता. सेक्रेटरी हा एवढ्या एका फोटोवर पुढची कित्येक वर्षं फुशारक्या मारत जगला.

तारखा पडत गेल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी कंपनीचा वकील आजारी, कधी दोघेही ठणठणीत पण फाईल सापडत नाही. मामीनं मात्र निकाल गृहीतच धरला होता. आमच्या घरी न्हाणीघर नव्हतं. स्वयंपाकघरातल्याच एका कोपऱ्याला पडदा लावलेला, त्यालाच मोरी म्हणायचं. इकडे भाजीला फोडणी, तिकडे पडद्यामागे अंघोळ. थकलेला पगार एकरकमी हातात आला की मागच्या बाजूला भिंती घालायच्या आणि दाराचं न्हाणीघर करायचं, हे मामीचं ठरलेलं. जुन्या सामानाच्या दुकानातून तिनं दारही आणून ठेवलं. चांगलं जाड लाकडी दार, कडीसकट. ते खोलीत भिंतीला टेकून उभं असायचं. पाहुणे विचारत, "हे दार कुठलं?" मामा म्हणे, "कोर्टाचं. अजून उघडायचंय."

शेवटी साक्षीदार म्हणून मामाचं नाव निघालं. आता न्हाणीबद्दल बोलायला साबणाहून योग्य माणूस कोण? युनियनचे वकील घरी येऊन शिकवून गेले. साधा माणूस, घाईत असलेला.

"एकच लक्षात ठेवा. अंघोळ का करता? कंपनी सांगते म्हणून. काहीही विचारलं तरी याच्या पलीकडे जायचं नाही."

मग आठवडाभर आमच्याकडे कोर्ट भरायचं. मामी लाटणं घेऊन समोर उभी.

"साक्षीदार, अंघोळ का करता?"

"कंपनी सांगते म्हणून."

"मग सुट्टीच्या दिवशी का करता?"

"अगं, हे तो वकील विचारणार नाहीये!"

"मी विचारतेय ना. बायको सांगते म्हणून, असं म्हणा."

मामा हसायचा, पण एकदा मला हळूच म्हणाला, "पाठ तर झालंय रे. पण भर सभेत असं म्हणायचं म्हणजे... दुसऱ्यानं सांगितल्यावर अंग धुणारा माणूस वाटतो का मी?" मी म्हटलं, मामा, पगारासाठी एवढं खोटं चालतं. तो म्हणाला, खोटं नाहीये ते, तेच तर अवघड आहे.

साक्षीच्या दिवशी पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केलेला. कोर्टाची खोली लहान, पंखा आवाज करणारा, एका खिडकीची काच फुटून तिथे पुठ्ठा लावलेला. लंबू आणि खात्यातले दहाबारा जण मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेले. मामी दाराजवळ. पहिला भाग मामानं झकास निभावला. अंघोळ का करता? कंपनी सांगते म्हणून. बोर्ड होता का? होता. सेक्रेटरी फोटोकडे बोट दाखवून मान डोलावत होता, कोणी त्याला विचारलेलं नसताना.

मग उलटतपासणीला कंपनीची वकीलबाई उठली. आम्हाला वाटलेलं कोणीतरी खवीस येईल. ही निघाली तरुण मुलगी, मामाची लेक शोभेल एवढ्या वयाची, आवाज मऊ.

"काका, बसून बोला ना. पाय दुखत असतील."

"नाही नाही, ठीक आहे."

"तुम्ही पोती भरायच्या खात्यात इतकी वर्षं आहात. खरं वाटत नाही हो. नखं बघा तुमची! माझी एवढी स्वच्छ नाहीत."

मामानं नखांकडे पाहिलं. मी मागून त्याचे कान बघत होतो. ते लाल झाले. आयुष्यभर शिंपी, न्हावी आणि औषधवाला यांच्यासमोर हा माणूस ज्या एका वाक्यासाठी मिरवत होता, ते वाक्य त्याला शेवटी भेटलं, तेही कुठे, तर कोर्टात, विरुद्ध बाजूकडून.

"कशी ठेवता इतकी?"

मामानं सांगितलं. आधी तेल, मग साबण, पाणी शेवटी. न्यायाधीशसुद्धा पेन ठेवून ऐकत होते. युनियनचे वकील अर्धवट उठले, बसले. हरकत घ्यावी असं त्यात काही नव्हतं.

"आणि काका, समजा तो बोर्ड कधी नसताच. कोणी काही सांगितलंच नसतं. तर तुम्ही तसेच काळ्या अंगानं घरी गेला असता? काकूंसमोर?"

मामी दाराशीच उभी होती. मामानं तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, 'कंपनी' पर्यंत आलेही असतील. मग तो ताठ झाला.

"मी काय जनावर आहे का? बोर्ड असो नसो, अंग धुतल्याशिवाय मी घरी गेलो नसतो."

"थँक्यू, काका," मुलगी म्हणाली आणि बसली. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "लिहा. सूचना नसती तरी मी अंग धुतलं असतं." यंत्र खडखडलं. खडखड थांबेपर्यंत बाकावरच्या सगळ्यांना कळलं होतं. शेवटी कळलं ते मामाला. तो उतरताना हसत होता.

निकाल दावा फेटाळल्याचा लागला. कारणं बरीच होती, असं वकील म्हणाले. साक्षीचं वाक्य नसतं तरी कदाचित हेच झालं असतं. पण निकालपत्रात मामाचं वाक्य जसंच्या तसं छापलेलं होतं आणि इतर कारणं इतकी लांबलचक होती की ती कोणी वाचली नाहीत. अपील करायचं म्हटलं तर वरच्या कोर्टात नवी साक्ष होत नाही, दिलेली पुसता येत नाही. सेक्रेटरीनं वर्गणीचा डबा फिरवला. तो हलकाच परत आला.

कंपनीनं निकाल अगदी मनावर घेतला. अंघोळ खाजगी बाब ना? मग बस तिच्यासाठी का थांबेल? बस आता भोंगा झाला की लगेच सुटायला लागली. गाद्यांवर प्लास्टिक चढवलं. ज्याला धुवायचंय त्यानं धुवावं आणि चालत जावं. लोकांनी काय करायचं? कारखाना गावापासून लांब, पाय थकलेले. एकेक करत सगळे तसेच काळे बसमध्ये चढायला लागले. लंबूही. त्याच्या गुडघ्यांना ते चालणं शक्यच नव्हतं.

पण पहिले काही दिवस लंबू न्हाणीच्या दारापर्यंत आला होता. मामानं सवयीनं तेलाची बाटली पुढे केली.

"वाक, तुझं आधी उरकतो."

"राहू दे, साबण," लंबू म्हणाला. "तुझी अंघोळ खाजगी आहे. मी कशाला मध्ये?"

सगळे हसले. लंबू हसला नाही, पण थांबलाही नाही.

त्यानंतर त्या मोठ्या न्हाणीत मामा एकटा. बाकीचे फवारे कोरडे. तेल, फडकं, साबण, ब्रश, सगळं रीतसर. नंतर पांढरा शर्ट, आणि डांबरी रस्त्याच्या कडेनं गावापर्यंत पायपीट. बस त्याला धूळ उडवत ओलांडून जायची आणि मागच्या खिडकीतून कोणीतरी ओरडायचं, "चकाचक!" पहिल्याच दिवशी मामीनं शर्ट धुवायला घेतला, तर समोरून पांढरा आणि पाठीवर मोठा काळा डाग.

"हे काय?"

"हात पोचत नाही."

मोरीत बसवून तिनं पाठ घासून दिली. पण काजळी तासाभराच्या घामात बसली होती, आणि मामीची बोटं सांध्यांत सुजलेली. लंबूचा जोर तिच्यात कुठून येणार? रोज थोडी राहून जायची. बाजाराच्या रस्त्यानं येणं मामानं सोडलं. मागच्या गल्लीतून, भिंतीला पाठ ठेवून यायचा. दार भिंतीला टेकून होतंच. मामी आता त्यावर कपडे वाळत घालायची. मी एकदा गमतीनं म्हटलं, "मामा, कोर्टाचं दार निदान कामाला आलं." पूर्वी याच्या दुप्पट टोला परत आला असता. तो दारावरचा शर्ट सारखा करायला लागला.

थंडी पडली आणि मामाला खोकला धरला. तरी महिनाभर तो चालत येत राहिला. मग एका संध्याकाळी बसच्या वेळेलाच दार वाजलं. मामीनं उघडलं आणि ती मागे सरकली. तिनं आपल्या नवऱ्याला लग्नापासून कधी असं पाहिलंच नव्हतं. दारात नुसते डोळे उभे होते.

"बसनं आलो," डोळे म्हणाले.

"लंबूभाऊजी होते?"

"सरकला. जागा दिली."

"काही बोलले?"

"काय बोलणार."

मामीनं खुर्चीवर जुना कागद पसरला. मामा तिला स्पर्श होऊ न देता कडेकडेनं गेला आणि बसला. घडी घातलेला पांढरा शर्ट पिशवीत तसाच होता, तो त्यानं काढून तिच्या हातात दिला, धरायला दोन बोटं वापरून. शर्टावर दोन बोटं उमटलीच.

मी मोरीचा पडदा सरकवला. मामा आत जाऊन पाटावर खाली मान घालून बसला. तेलाची बाटली कोनाड्यात होती, हाताला लागेल अशी. मामीच्या ते ध्यानात आलं नाही, तिचे डोळे भरलेले होते. तिनं बादलीतून भांडंभर पाणी घेतलं आणि सरळ त्याच्या कोरड्या पाठीवर ओतलं.

मी मामाच्या ओरडण्याची वाट बघत होतो. काळं पाणी त्याच्या पाठीवरून वाकडंतिकडं खाली उतरलं. मामीनं दुसरं भांडं भरलं.