उजेडरावांची पहाट

नाटक कंपनीचे लाइटवाले रंगमंचावर असा सूर्य उगवून देत, की नटांनी त्यांचं नावच उजेडराव ठेवलं. त्यांनीही ते पदवीसारखं मिरवलं. खरी पहाट मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. प्रयोग आटोपून, दिवे उतरवून जे अंथरुणात पडत, ते खिडकीत ऊन पाय पसरून बसल्यावरच उठत.

बायकोचं नेमकं उलट. कोपऱ्यावरचं दूधकेंद्र तिच्याकडे. दुधाची गाडी यायच्या आत तिला तिथं हजर राहावं लागे. नाटकाला ती हौसेनं यायची, पण शेवटच्या अंकापर्यंत मान कलंडलेली. इकडे उजेडरावांची पहाट फुटे, प्रेक्षक टाळ्या वाजवत आणि बाईसाहेब घोरत. हे शल्य त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण विंगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्या नाटकात नायिका शेवटी पहाटे घर सोडून जाते. रंगीत तालमीला उजेडरावांनी नेहमीप्रमाणे उजव्या विंगेतल्या दिव्याला लाल जिलेटिनचा कागद लावला आणि उजेड चढवायचा डिमर सावकाश वर नेला. दिग्दर्शिका त्यांच्या मुलीच्या वयाची. ती अंधारातून म्हणाली, "काका, ही घर सोडून निघालीय की संध्याकाळची घरी परत आलीय?"

सगळे हसले. मग तिनं गोड शब्दांत सांगितलं, की पहिल्या प्रयोगाला जमलं नाही तर पुढं दिव्यांचं नवं मशीन चालवणारा कुणी बसेल, काकांनी नुसती देखरेख करावी. देखरेख म्हणजे एक खुर्ची, एक चहा आणि घरचा रस्ता, हे न कळण्याइतके उजेडराव दुधखुळे नव्हते.

घरी येऊन त्यांनी बायकोला पहाटे उठवायला सांगितलं. तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

उठवलं ते पांघरूण ओढूनच. गच्चीवर घोंगडीत गुरफटून बसल्याबसल्या उजेडरावांनी विचारलं, "सुरू झालं का?"

"अजून तिसरी घंटा व्हायचीय. बसा गुमान."

त्यांची चुळबूळ थांबेना. एवढ्या वेळात आमचा अर्धा अंक होतो, काय हा रटाळपणा, अशी कुरकुर चालली होती. मग बाई आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायला लागली. झुंजूमुंजू होतं तेव्हा छपरं आभाळापासून सुटी होतात. तेवढ्यावर तिला कुलपाचं भोक सापडतं. मग फटफटतं. पिशव्या दिसतात, पण निळी कुठली न् हिरवी कुठली कळत नाही. रंग त्यानंतर. "आणि तुमचं ते लाडकं तांबडं ना, ते बघायला मला सवड नसते. तोवर रांग लागलेली असते."

घोंगडीच्या आत उजेडरावांची बोटं हातात नसलेला डिमर वर नेत होती. आभाळ उजळलं तसे ते पुटपुटले, "अगं, याला सावल्याच नाहीत. दिवा टांगलाय कुठं?"

उत्तर द्यायला बाई होती कुठं? ती केव्हाच गाडी गाठायला निघून गेली होती.

पहिला प्रयोग दुपारचा. उजेडरावांनी लाल कागद खिशात घातला आणि सावली पडू नये म्हणून सगळे दिवे मागच्या पांढऱ्या पडद्याकडे वळवले. शेवटचा प्रवेश आला. नायिका हातात बॅग घेऊन दाराशी उभी आणि उजेड गोगलगायीच्या चालीनं वर चढतोय. लोक खोकायला लागले. दिग्दर्शिका धावत लाइटच्या खोलीत आली आणि दिवे गेले का म्हणून कुजबुजली. उजेडरावांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा हात डिमरवर होता आणि डोळे तिसऱ्या रांगेवर. तिथं एक ओळखीची मान नेहमीप्रमाणे कलंडलेली होती.

पडदा राखाडी झाला, तसं खोकणं थांबलं. नायिकेचा चेहरा उमटू लागला, पण साडीचा रंग अजून कळेना. तेवढ्यात ती मान सरळ झाली. डोळे मिटलेलेच, पण पाय खुर्चीखाली चपला चाचपू लागले. बाई उठून उभी राहिली आणि त्या चिडीचूप सभागृहात शेजारच्या गृहस्थाला म्हणाली, "सरका जरा, दुधाची गाडी आली असेल."

नाट्यगृह हशा-टाळ्यांनी दणाणलं. नायिका मुरलेली; तिनं ओठ चावला, पाठ फिरवली आणि त्याच टाळ्यांत घर सोडलं. बाई पार दारापर्यंत गेली, दार उघडलं, बाहेरचं टळटळीत ऊन पाहिलं आणि चूपचाप परत येऊन बसली.

दिग्दर्शिका हसून हसून डोळे पुसत होती. "काका, उद्या काकूंना आणाल ना?"

"आणेन की," उजेडराव डिमरवरचा हात न काढता म्हणाले. "फक्त तिला मध्ये कुणी जागं करू नका."